मदत हवी आहे: स्तनाचा कॅन्सर जठरात जातो का? (तातडीचं)

कृष्णाकाठ:
आईला स्तनाचा कॅन्सर होता. २०१३ साली ऑपरेशन झालं, नंतर सगळं नीट होतं. दिवाळीपासून दोन घास खाल्ले की पोट भरतं, वजन उतरलंय. एंडोस्कोपी केली. जठराची भिंत जाड झालीय आणि बायोप्सीत 'सिग्नेट रिंग सेल' (अंगठीसारख्या दिसणाऱ्या कॅन्सरच्या पेशी) आलंय. पोटाचे सर्जन म्हणतात जठराचा नवा कॅन्सर आहे, जठर काढावं लागेल, सोमवारी अॅडमिट व्हा. ओळखीच्या एका डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "जुनाच पसरला नाही ना?" नेटवर हाडं, फुफ्फुसं, लिव्हर, मेंदू एवढंच सापडतं. हो की नाही एवढंच सांगा. उपदेश नकोत.

बाणेरकर:
मेडिक्लेम आहे का? असेल तर प्री-ऑथ (विमा कंपनीची आगाऊ मंजुरी) करताना जुना आजार लिहाच. नाहीतर क्लेम नाकारतात आणि मग बसा भांडत.

कृष्णाकाठ:
मेडिक्लेमचं विचारलेलं नाही.

सुईदोरा:
हो, जातो. पण तेवढ्यावर थांबू नका. २०१३ चा कॅन्सर डक्टल (दूधनळीचा) होता की लोब्युलर (दूधग्रंथीचा)? ई.आर., पी.आर. (हार्मोनच्या चाचण्या) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रथिन) काय होतं? हेच नेमकं लिहिलं नाहीत. (मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही.)

कृष्णाकाठ:
अहो, स्तनाचा होता म्हटलं ना. फाइल सांगलीला दादाकडे आहे. लेट्रोझोल नावाची गोळी पाच वर्षं चालू होती.

सुईदोरा:
ती हार्मोन रोखणारी गोळी, म्हणजे कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह असणार. दादांना म्हणावं, डिस्चार्ज कार्ड नको, हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टचा (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) फोटो पाठवा.

आयुर्मित्र:
ऑपरेशनची घाई नको. गव्हांकुराचा रस रोज अनशापोटी, सोबत ओली हळद. आमच्या शेजारच्या काकांची गाठ विरघळली.

कोतवाल:
@आयुर्मित्र, कसली गाठ? बायोप्सी झाली होती का? त्या बाईंना दोन घास जात नाहीत आणि तुम्ही रस कसले पाजताय!

आयुर्मित्र:
अॅलोपॅथीवाल्यांची हीच अॅलर्जी. तुम्हीही पिऊन बघा, चिडचिड कमी होईल.

कृष्णाकाठ:
फोटो आला. 'इन्व्हेसिव्ह लोब्युलर कार्सिनोमा' लिहिलंय. ई.आर., पी.आर. पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. आता?

सुईदोरा:
आता ओळखीच्या डॉक्टरांची शंका फार रास्त वाटते. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅढेरिन नावाचं प्रथिन लोब्युलरमध्ये बहुधा नसतं. पेशी सुट्या होतात, एकामागे एक रांगेनं भिंतीत शिरतात. गाठ दिसत नाही, जठर नुसतं जाड आणि ताठ होतं. जठर, आतडी, पोटाचं अस्तर, अंडाशय अशा आडवळणाच्या जागी हा प्रकार डक्टलपेक्षा जास्त जातो, तोही कितीतरी वर्षांनी. आणि सिग्नेट रिंग पेशी दोन्हीकडे दिसतात, मूळ जठराच्या कॅन्सरमध्येही आणि लोब्युलरमध्येही. नुसत्या साध्या स्लाइडवर चकवा बसतो तो इथेच.

मावशीचीभाची:
माझ्या मावशीचा असाच डोळ्याच्या खोबणीत गेला होता. डोळा बाहेर यायच्या ऐवजी आत ओढला गेला. आम्ही सगळे म्हणत होतो, बारीक झाली म्हणून डोळे खोल गेलेत. एकच डोळा कसा खोल जाईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पेट स्कॅन (कॅन्सरच्या जागा चमकून दिसतात तो) केलाय का? तिच्या पेटमध्ये फार काही चमकलं नव्हतं.

सुईदोरा:
@मावशीचीभाची, लोब्युलर कधीकधी नेहमीच्या पेटमध्ये फिका दिसतो. पेट साफ म्हणजे सगळं साफ, असं धरू नये.

कोतवाल:
पण सर्जन काय उगाच बोलतायत? एका माणसाला दोन वेगळे कॅन्सर होऊ शकतात की.

सुईदोरा:
होतात ना. म्हणून तर तपासायचं. त्याच जठराच्या तुकड्यावर आय.एच.सी. (पेशींतली प्रथिनं रंगवून पेशी मुळात कुठल्या ते ओळखायची चाचणी) करायला सांगा, ही प्रथिनं बघायला: ई.आर., पी.आर., गाटा-थ्री, मॅमाग्लोबिन, सी.के.-सेव्हन, सी.के.-ट्वेंटी, सी.डी.एक्स.-टू. पहिले तीन-चार पॉझिटिव्ह आणि शेवटचे दोन निगेटिव्ह आले तर काटा स्तनाकडे झुकतो. एकट्या ई.आर.वर निकाल देत नाहीत. जुन्या ऑपरेशनचा मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं. तुकडा वरवरचा असेल तर खोल बायोप्सी पुन्हा लागेल, कारण हा आजार जठराच्या आतल्या अस्तराच्या खाली पसरतो.
एवढा खटाटोप का, तर उपचारच बदलतात. स्तनाचा निघाला तर सहसा जठर काढत नाहीत. हार्मोन रोखणारी गोळी आणि सोबत पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब (कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणाऱ्या गोळ्या) अशा वाटेनं जातात. ते ठरवणार मात्र मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट.

बाणेरकर:
पाल्बोसिक्लिबचं पेटंट २०२३ च्या जानेवारीत संपलं, जेनेरिक बरीच स्वस्त आहेत. एकाच दुकानात विचारू नका.

कृष्णाकाठ:
सर्जनना फोन केला. जुना रिपोर्ट त्यांनी पाहिलाच नव्हता. म्हणाले, आय.एच.सी. येईपर्यंत सोमवार रद्द. सांगलीच्या लॅबकडे ब्लॉक आहे, पण आईच्या सहीचं पत्र हवंय. परळला टाटामध्ये दाखवायचं चाललंय.

मावशीचीभाची:
राहायचं ठरलंय का? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटची सोय होते, हॉस्पिटलचं कार्ड लागतं. आधी फोन करून जागा विचारा.

कोतवाल:
परळला गाडी नेऊ नका, पार्किंगपायी अर्धा दिवस जातो.

सुईदोरा:
पत्रावर जुना बायोप्सी नंबर घाला, नुसत्या नावावर ब्लॉक शोधत बसतात. ब्लॉक हातात घेतल्यावर त्यावरचा नंबर रिपोर्टशी ताडून बघा. आणि दादांना म्हणावं, उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.