यात्रेच्या वर्गणीतून शाळेला पॅनेल की टॅब?

येरळाकाठ :
आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या अलीकडे. झेडपीची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात परमुलखात असलेल्या मंडळींनी यंदा यात्रेला आल्यावर शाळेसाठी दणदणीत वर्गणी जाहीर केली आणि तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी एकच, इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे भिंतीवरचा बोटानं चालणारा मोठा पडदा. शेजारच्या गावानं घेतलंय ना!

माझं मत, पॅनेल घेऊ नये. त्या पैशात येतील तेवढे टॅब घ्यावेत. पॅनेल सगळ्या वर्गाला एकाच वेळी एकच गोष्ट दाखवतं, म्हणजे तो उजेड पडणारा फळाच. चौथीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी जमत नसेल, तर भागाकाराचा व्हिडिओ कितीही रंगीत असो, त्याच्या डोक्यावरूनच जाणार. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरची चाचणी झाली होती. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रात चिठ्ठी टाकून मुलं निवडली. ज्यांचा नंबर लागला, ती साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत बाकीच्यांच्या बरीच पुढे गेली. मूल कोणत्या इयत्तेत बसतं हे ते सॉफ्टवेअर बघत नाही, त्याला काय येतं ते बघून पुढचा प्रश्न देतं. हे भिंतीवरच्या पॅनेलला कसं जमणार?

गलाईवाला :
दादा, पैसे आम्ही द्यायचे आणि यादी तुम्ही करायची, बरं आहे :)
दिल्लीचं राहू दे, गावाचं बघा. सकाळी विट्याच्या इंग्लिश मिडियमची पिवळी गाडी गावात येते आणि पोरं भरून नेते. पट घसरला की शिक्षकाचं एक पद जाणार, मग टॅब कुणाच्या हातात देणार? आईबाप शाळेत आले की त्यांना भिंतीवरचं पॅनेल दिसतं. कपाटात कुलूप लावून ठेवलेले टॅब कुणाला दिसत नाहीत. आणि ते कपाटातच राहणार, कारण फुटला तर भरून कोण देणार या भीतीनं गुरुजी बाहेर काढणारच नाहीत.

माणदेशी_मास्तर :
मी माण तालुक्यात झेडपीवर आहे, चार इयत्ता आणि आम्ही दोघं. पटाचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण पॅनेल आल्यावर काय होतं ते सांगतो. तिसरी-चौथीला कवितेचा व्हिडिओ लावून द्यायचा आणि तेवढ्या वेळात पहिलीला अक्षरं गिरवून घ्यायची. पोरं गप्प बसतात, एवढंच. चांगलं वापरता येतं, नाही असं नाही. नकाशा मोठा करून कृष्णा महाबळेश्वरातून निघून कऱ्हाडला कोयनेला कशी भेटते ते दाखवलं, तर पोरं उठून बोटानं नदी गिरवतात. पण त्यासाठी मी त्या वर्गात पाहिजे. मी तर यूडायसची, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शाळा-नोंदीची माहिती भरत असतो, पोषण आहाराचे आकडे पाठवत असतो, नाहीतर कुणाचं तरी आधार दुरुस्त करत असतो. शाळेतला पहिला लॅपटॉप याच कामाला जुंपला जातो हे कुणी बोलत नाही.

येरळाकाठ, तुमच्या दिल्लीच्या दाखल्यात एक गोष्ट राहिली. त्या केंद्रात नव्वद मिनिटांपैकी निम्मा वेळ सॉफ्टवेअर होतं आणि निम्मा वेळ बारा-पंधरा मुलांच्या गटाला माणूस शिकवत होता. उलटा दाखला पेरूचा. तिथं सरकारनं खेड्यापाड्यांतल्या मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये पाहणी आली, गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. यंत्र होतं, पण शिकवण्यात काय बदल करायचा हे कुणी ठरवलंच नव्हतं.

हळदपेठ_सांगली :
झालं, मास्तरांनीच निकाल दिला. मग दोन्ही नको. आपल्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. एक गाव पोरांच्या हातातला पडदा काढून घेतंय आणि तुम्ही वर्गणी करून नवा देताय! डी.एड. झालेल्या किती पोरी घरी बसल्यात. त्यातली एक मानधनावर ठेवा.

कोयनेवरची :
हळदपेठ, भोंगा वाजल्यावर वडगावातली पोरं अभ्यासाला बसतात. तो घरातल्या टाइमपासला लगाम आहे, शाळेतल्या तंत्रज्ञानाशी त्याचं भांडण नाही. फोन नुसता हातात दिला की काय होतं, हे मात्र असरच्या, म्हणजे खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या, २०२४ च्या अहवालात आहे. ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची, स्मार्टफोन चालवता येणारी मुलं. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरला ५७ टक्क्यांनी, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी.

आम्ही पाटण तालुक्यात वरच्या अंगाला. रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड चांगले, परितेवाडीच्या डिसले गुरुजींचं नाव त्यासाठी जगभर झालं. पण अभ्यासाच्या वेळी घरातला एकुलता फोन बाबांच्या खिशात, आणि बाबा उसाच्या फडात. म्हणून मी टॅबच्या बाजूनं. गुरुजी तालुक्याला गेले की दीक्षा या सरकारी अॅपवरचे धडे उतरवून आणतात, मग नेट नसलं तरी चालतं.

येरळाकाठ :
मास्तर, माणूस पाहिजे हे मला मान्यच आहे, म्हणून तर टॅब म्हणतोय. चौथीची मुलं आपापल्या पातळीचा सराव करत बसली, तर गुरुजी पहिलीजवळ बसू शकतात. हळदपेठांचं अर्धं उचलतो. टॅब थोडे कमी घेऊ आणि उरलेल्या पैशात गावातल्याच डी.एड. मुलीला वर्षभर मानधन देऊ. व्यवस्थापन समितीपुढे हेच मांडणार. पट वाढवायला पॅनेल लागतं असं मला वाटत नाही. चौथीचं पोर दुकानात उभं राहून हिशोब करायला लागलं की गावाला बरोबर कळतं.

गलाईवाला :
पोरीचं मानधन मी एकटा देतो, वर्गणीला हात लावू नका. पण पॅनेल पाहिजेच.

हळदपेठ_सांगली :
आणि लाईट बिल? थकलं म्हणून मीटर काढून नेलेल्या शाळा मी पाहिल्यात.

गलाईवाला :
तेही माझ्या नावावर लावा. पण पॅनेल.