मदत हवी आहे: एक्स्पीरिया मिनी प्रोचा कीबोर्ड सरकवला की स्क्रीन काळी

फोन सोनी एरिक्सन एक्स्पीरिया मिनी प्रो, एसके17आय, 2011 चं मॉडेल, अँड्रॉइड 2.3. कीबोर्ड आत असताना सगळं नीट चालतं. बाहेर सरकवताना अर्ध्यावर स्क्रीनवर रेघा येतात आणि पूर्ण उघडला की स्क्रीन काळी. फोन बंद होत नाही, कॉल आला की रिंग वाजते. शिवाय 'ई' आणि स्पेस जोरात दाबावे लागतात. दुकानदार कीबोर्ड बदला म्हणतो. पटतंय का? आतले नंबर आणि मेसेजही हवे आहेत.

जुनापट्टा:
कीबोर्ड बदलून स्क्रीन येणार नाही. या फोनमध्ये बॅटरी, मुख्य बोर्ड आणि कीबोर्ड खालच्या भागात आहेत. डिस्प्ले आणि टच वरच्या सरकत्या भागात. दोन्हींना जोडणारी फ्लेक्स पट्टी (वाकणारी पातळ वायरपट्टी) प्रत्येक उघडझापीला वाकते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने आतले तांब्याचे मार्ग तडकतात. बंद असताना तडा मिटलेला राहतो, म्हणून चित्र दिसतं. खात्री करायची तर *#*#7378423#*#* डायल करून सर्व्हिस टेस्ट्समध्ये डिस्प्लेची चाचणी लावा आणि फोन हळूहळू सरकवा. दरवेळी त्याच जागी चित्र बिघडलं तर पट्टीच.

'ई' आणि स्पेसचा आजार वेगळा. एकेकटी बटणं जड झाली की बहुधा खालच्या डोमवर (बटणाखालची दबणारी छोटी वाटी) मळ असतो. एक अख्खी रांग मेली असती तर कीबोर्डचा कनेक्टर बघायला सांगितलं असतं. बॅटरी काढून, डोमची शीट उचलून आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, पूर्ण वाळू द्या.

कार्डवाला:
खोलण्याआधी डेटा काढा, बंद स्थितीत स्क्रीन चालते तोवरच. नंबर: कॉन्टॅक्ट्सच्या मेनूतून बॅकअप मेमरी कार्डवर. मेसेज त्यात येत नाहीत. त्यासाठी एसएमएस बॅकअपचं 2.3 वर चालणारं जुनं एपीके (अॅपची इन्स्टॉल फाइल) कार्डवर टाकून बसवा. सेटिंग्जमध्ये 'अननोन सोर्सेस' आधी चालू करा. प्ले स्टोअरच्या भरवशावर राहू नका, 2.3.7 आणि त्याखालच्या अँड्रॉइडवर गुगलचं साइन-इन 27 सप्टेंबर 2021 पासून बंद आहे. यूएसबी डीबगिंगही (केबलने कॉम्प्युटरवरून फोन हाताळायची सोय) आत्ताच चालू करून ठेवा. या आवृत्तीत एडीबी (त्यासाठीचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम) स्क्रीनवर परवानगी विचारत नाही, त्यामुळे उद्या स्क्रीन पूर्ण गेली तरी कार्डवरच्या फाइली ओढता येतील.

प्रश्नकर्ता:
पट्टीला टेप लावून किंवा सोल्डरचा टाका मारून भागेल का?

जुनापट्टा:
नाही. टेप लावलेली जागा कडक होते आणि तिच्या कडेला नवा तडा जातो. टाक्याचंही तेच, वाकायचं थांबत नाही ना. पूर्ण पट्टी घ्या, आणि जुनीवर छापलेला क्रमांक जुळवूनच घ्या. साध्या एक्स्पीरिया मिनीला स्लायडर नाही, तिचे भाग इथे उपयोगाचे नाहीत. बॅटरी मात्र दोन्हींची एकच, ईपी500, 1200 एमएएच.

कनेक्टर दाबून बसणारा असेल तर प्लास्टिकच्या पातीने सरळ वर उचला, लॉक असेल तर आधी लॉक उभं करा. नवी पट्टी जुनीच्याच घड्यांवर बसवा. गोंद लावण्याआधी बॅटरी घालून फोन चालू करा, 20-25 वेळा सावकाश सरकवा. कुठे अडकलं तर तिथेच थांबा: पट्टी रुळात चिमटली आहे.

कार्डवाला:
दुरुस्त झाल्यावर जिओचं सिम चालणार नाही, फोनमध्ये 4जी नाही. 2जी चालू असलेल्या कंपनीचं मोठ्या आकाराचं सिम लागेल. नॅनो सिम अडॅप्टरमध्ये घालून बसवलंत तर काढताना फोनच्या सिम खाचेतली पिन त्यात अडकून मोडू शकते.