गोव्याची ओढ: पोर्तुगीजांची पुण्याई की आणखी काही?

गिरगावचा चाळकरी: दिवाळीत पुन्हा गोवा ठरतोय. घरी कुरकुर, ‘मालवणला काय कमी आहे?’ माझं मत स्पष्ट आहे: पोर्तुगीज तिथे साडेचारशे वर्षं राहिले नसते तर आपण गेलोच नसतो. पणजीच्या फोंतेन्यशमधल्या पिवळ्या-निळ्या भिंती, जुन्या खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, सकाळी सायकलवर भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला. हे मालवणात दाखवा, मग बोलू. समुद्र काय, सगळीकडे खारटच.

मंगेशीभक्त: पोदेर आठवतो आणि १५६० चं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आठवत नाही? मंगेश होता कुठ्ठाळीला, शांतादुर्गा केळशीला. लोकांनी देव उचलून फोंड्यातल्या प्रियोळला आणि कवळ्याला नेले, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. आमच्या घरी ‘गोव्याला जाणं’ म्हणजे अजून कुळदैवताला जाणं. वाळूला पाय न लावता परत येतो.

गिरगावचा चाळकरी: मीही हात जोडतोच हो. पण मंगेशीची दीपमाळ बघा, सात मजली, कमानीवर कमान. मग देशावरची दगडी दीपमाळ आठवा. चर्चचं वारं लागल्याशिवाय अशी होते का?

वसईवाला: १५३४ ते १७३९ हेच पोर्तुगीज आमच्याकडेही होते. किल्ला आहे, चर्च आहेत, वर सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, आहेत. दिवाळीत वसईला खोली कोण बुक करतो? खरं कारण मी सांगतो. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा मुंबईत दारूबंदी. प्यायची तर परमिट काढा. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसलं की पलीकडे बाटली स्वस्त आणि विचारणारं कुणी नाही. वास्तुकला वगैरे नंतर सुचलं.

धोबीतलाव: तुम्ही सगळे जाण्याचं बोलताय. माझे आजोबा तिथून इथे आले. कुडात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, गावच्या लोकांबरोबर राहिले: भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, रात्री जमिनीवर पथाऱ्या, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. जहाजावर नोकरी लागेपर्यंत हेच. पहिलं तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत नाटकसुद्धा १८९२ साली मुंबईतच झालं, कारण गोंयकार पोटासाठी इथे आला होता. ज्या राज्यात पोट भरत नव्हतं, त्याच्या भिंतींचे रंग तुम्हाला आवडतात. आवडू देत. आजोबांना रंग आठवायचे नाहीत, बोट आठवायची.

गिरगावचा चाळकरी: वसईवाले, परमिटचा मुद्दा मान्य. धोबीतलावला उत्तर नाही माझ्याकडे. दरम्यान कोकणकन्येचं मडगाव वेटिंगवर गेलंय, मालवणसाठी उतरतात त्या कुडाळपर्यंतचं मिळतंय. घरी अजून सांगितलेलं नाही.