रेडिएशनच्या मध्येच स्कॅन काढून 'निकाल' कळतो म्हणे!

लिनॅकवाला:
काल इथे कुणीतरी ठणकावून लिहिलंय की रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यात पेट स्कॅन (गाठीतल्या पेशी चमकून दिसतात तो) काढला की पेशंट बरा होणार की नाही ते कळतं, आणि डॉक्टर मुद्दाम काढत नाहीत. डोकं फिरलं. घशाच्या कॅन्सरला ७० ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप), ३५ सिटिंग, सात आठवडे. तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोललेलं असतं, ती सूजही पेटवर चमकते. म्हणूनच ब्रिटनच्या पेट-नेक चाचणीत (५६४ पेशंट, २०१६) स्कॅन उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी काढला. स्वच्छ आला की मानेचं ऑपरेशन टळलं, आणि आयुष्य त्यामुळे कमी झालं नाही. याला म्हणतात उपयोग! उलट अमेरिकेच्या आरटीओजी ११०६ या चाचणीत मधल्या पेटवरून फुफ्फुसाच्या गाठीचा डोस ८०.४ ग्रेपर्यंत चढवला, तरी म्हणावा तसा फरक नाही. भाकीत जमलं तरी पुढे करायचं काय?

कऱ्हाडची:
पोस्ट माझी. 'मुद्दाम' तेवढं सोडा, बाकी एक अक्षर मागे घेत नाही. जर्मनीत ड्रेस्डेनला एफमिसो स्कॅनने (ऑक्सिजन कमी पडलेला भाग दाखवणारा पेट) गाठीतला ऑक्सिजन पाहिला. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातल्या स्कॅनचा पुढच्या निकालाशी संबंध दिसलाच ना? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगने तर त्यावरून पेशंटना ३० ग्रेवर मोकळं केलं.

लिनॅकवाला:
ताई, ड्रेस्डेनला पहिल्यांदा २५ पेशंट होते. न्यूयॉर्कचे सगळे एचपीव्हीवाले (त्या विषाणूमुळे झालेला कॅन्सर, रेडिएशनला चांगली दाद देतो), मूळ गाठ आधीच ऑपरेशनने काढलेली. आपल्याकडे तंबाखू आणि मावा. रेडिएशनच्या मशीनवरच कोनबीम सीटी (पेशंट नीट झोपलाय का ते बघायचा स्कॅन) निघतो, आधी तो नीट बघा. वजन उतरलं, डोकं हलू नये म्हणून लावलेला मास्क आणि गालाच्या मध्ये बोट जायला लागलं, की पुन्हा सीटी आणि नवा प्लॅन.

पायथॉनपंडित:
त्याच कोनबीमवर एआय लावा, विषय संपला.

लिनॅकवाला:
संपला कसला! रेडिओमिक्सची (स्कॅनच्या चित्रातून आकडे काढून भाकीत करायचं तंत्र) २०१४ ची गाजलेली सिग्नेचर, म्हणजे भाकिताचं सूत्र, २०१९ मध्ये टोरांटोवाल्यांनी तपासली, तर ती बहुतांशी गाठीचा आकारच मोजत होती. त्याला फूटपट्टी पुरते.

खडूस_काका:
निकाल वाईट आला तर सांगणार कुणाला? दादाला आम्ही 'साधी गाठ आहे, शेक देतायत' एवढंच सांगितलं होतं. तेवढ्यावर माणूस पोटभर जेवत होता. शेजारच्या कॉटवरच्याने 'तुमची कितवी स्टेज?' विचारलं, त्या दिवसापासून ताट तसंच परत जायला लागलं.

कऱ्हाडची:
म्हणजे ज्याचं शरीर त्यालाच अंधारात ठेवायचं? माझ्या सासऱ्यांपासून असंच लपवलं. त्यांना कळलं असतं तर जमिनीची वाटणी स्वतः करून गेले असते. आज दोघं भाऊ कोर्टात आहेत.

खडूस_काका:
सातबाऱ्यासाठी स्कॅन! धन्य आहे.

कऱ्हाडची:
काका, तोंड सांभाळा. तुमच्या दादाला कुणी विचारलं होतं का, त्याला काय हवंय ते?

खडूस_काका:
नाही विचारलं. आणि परत वेळ आली तरी नाही विचारणार.

लिनॅकवाला:
भांडण भलतीकडेच चाललंय. बरं, ताईंचं अर्धं मान्य: ट्रायलमध्ये, पेशंटच्या खिशाला हात न लावता, खुशाल काढा मधला स्कॅन. हौस म्हणून नको.

कऱ्हाडची:
अर्धं दिलंत, उपकार झाले.

नवीन_सदस्य:
मध्येच विचारते. आईची १८ सिटिंग झाली, मास्क सैल वाटतो म्हणते. कुणाला सांगायचं?

लिनॅकवाला:
उद्या मशीनवर झोपवायच्या आधी टेक्निशियनला. आणि वजनाचा कागद सोबत न्या.