तानपुऱ्याच्या जवारीसाठी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर घ्यायचाय, कुठला घेऊ?

खानापूरकर_फिजिक्स

नमस्कार मंडळी. मी बेळगावात एका डिग्री कॉलेजात फिजिक्स शिकवतो, सोबत पीएचडी चालू हाय. विषय तानपुऱ्याची जवारी, म्हणजे त्याचा तो खुललेला, गुंजणारा आवाज. घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेखाली सुताचा दोरा सरकवला की आवाज एकदम खुलतो ना, तेव्हा त्यात नेमकं काय वाढतं, किती वेळ टिकतं, आणि मिरजेचे कारागीर घोडी घासून घासून जे साधतात ते आकड्यात पकडता येतंय काय ते बघालोय. डिपार्टमेंटकडनं दीड लाख मंजूर झालेत, मार्चच्या आत तीन कोटेशनं लावून बिल घालायचंय नाहीतर पैसे परत. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, म्हणजे सिग्नलमध्ये कुठली फ्रिक्वेन्सी किती ते दाखवणारं यंत्र, त्यासाठी इथल्या एका सप्लायरला फोन केला तर "इदे सर, इदे" (आहे सर, आहे) म्हणत लगेच कॅटलॉगच पाठवला, ९ किलोहर्ट्झ ते १.५ गिगाहर्ट्झ, रंगीत स्क्रीन, सगळं झकास. गाईड म्हणतात एवढी मोठी रेंज हाय तर घेऊन टाका की. मला कायतरी खटकालंय पण नेमकं सांगता येईना. लॅबमधल्या डिजिटल स्कोपला (ऑसिलोस्कोप) एफएफटीचं, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी सुट्ट्या करायच्या गणिताचं, बटन पण हाय, त्यावर भागंल काय? तानपुरा काळी एकला लावलेला असतो.

उद्यमबाग_टेस्टबेंच

सर, ऑर्डर देऊ नका, आधी हे वाचा. काळी एक पट्टीत जोड (मधल्या दोन तारांचा सा) साधारण १३८.६ हर्ट्झ, खर्ज (खालचा सा) त्याच्या निम्मा ६९.३, आणि पंचम (खालचा प) १०४ च्या आसपास. तुमचं ते यंत्र ९ किलोहर्ट्झच्या खाली काय बघतच नाही. म्हणजे खर्जाचा पहिला जो हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतला सूर) त्याला दिसंल तो १३०वा! तानपुऱ्यात ऐकण्यासारखं जे काय हाय ते सगळं त्याच्या दाराबाहेरच राहिलं. ती रेडिओ, मोबाईल, वायफायवाल्यांची वस्तू. ऑनलाइन तो छोटा टायनीएसए स्वस्तात दिसतो त्याच्याही नादाला लागू नका, तो तर १०० किलोहर्ट्झपासून सुरू होतो.

चूक सप्लायरचीपण नाही म्हणा, तुम्ही 'स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर' मागितला, त्यानं दिला. ऑडिओसाठी मागताना एफएफटी अ‍ॅनालायझर नाहीतर डायनॅमिक सिग्नल अ‍ॅनालायझर म्हणायचं. आमच्याकडं मोटरच्या बेअरिंगचं व्हायब्रेशन बघायला त्याच जातीचं यंत्र हाय.

स्कोपवर शिकवायला भागंल, संशोधनाला नाही. बहुतेक कॉलेजातले स्कोप ८ बिटचे, म्हणजे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात बारीक आवाजात जेमतेम ५० डीबीचं (डेसिबल) अंतर धरता येतं. तार विझत जाते तसे वरचे हार्मोनिक खाली खाली जातात आणि तुम्हाला बघायचे तेच नेमके स्कोपच्या नॉइजच्या चिखलात बुडतात.

हलगी_घुमली

एवढं कशाला, मोबाईलवर फुकट अ‍ॅप हाय की, मी हलगी त्याच्यावरच तपासतो 😄

उद्यमबाग_टेस्टबेंच

सूर लावायला चालतंय गा. पण मोबाईल आवाज मोठा झाला की आपणहून दाबतो, बारीक झाला की वाढवतो, मधेच 'नॉइज' म्हणून काहीतरी पुसून टाकतो. आणि ह्यांना तर आवाज कसा विझतो तेच मोजायचंय.

निपाणीचा_रेडिओवाला

माझं मत जरा वेगळं. पीएचडी असंल तर खरं यंत्र घ्या. एचपीचा ३५६६५ए किंवा स्टॅनफर्ड रिसर्चचा एसआर७८५, दोन्ही अगदी शून्याजवळनं १०२.४ किलोहर्ट्झपर्यंत बघतात, ऑडिओला हेच बनवलेले, इनपुटला किती व्होल्ट आले ते खात्रीनं सांगतात. साउंडकार्ड तसं सांगत नाही, तिथं नॉब जरा फिरला की आकडा गेला. नवा एसआर७८५ तुमच्या दीड लाखात बसणार नाही, जुना बघावा लागंल.

आता जुन्याचं पण सांगतो, मी एक घेतलावता. फोटोत स्क्रीन चालू, घरी आला तर स्क्रीन अंधार. डेटा काढायचा तर फ्लॉपी, आता फ्लॉपी कुठनं आणू? मग जीपीआयबीचा (जुनं यंत्र कॉम्प्युटरला जोडायचा) अडॅप्टर वेगळा घेतला, तो मशीनच्या मानानं महाग पडला. बाहेरनं मागवलं तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर आधी बघा, ११० वर असंल आणि तसाच २३० ला लावला तर धूर. तरी अजून वापरतो, फ्रंट पॅनेलवर हात ठेवून मोजण्यात जी मजा हाय ती माउसमध्ये नाही. पण सेकंडहँडचं बिल तुमचं अकाउंट सेक्शन घेतंय काय ते विचारा आधी, आमच्याकडं तरी तिथंच गाडी अडली असती.

मिरज_लाइन

थोडं लांबतंय, चहा घेऊन बसा. मी तानपुरा वाजवतो आणि नोकरी साउंडची, म्हणून दोन्हीकडनं बोलतो.

यंत्राच्या आधी एक विचार करा, तुम्हाला स्क्रीनवर आत्ता दिसणारा आलेख हवाय का आवाज साठवून पुन्हा पुन्हा चिरफाड करायचीय? माझ्या मते दुसरं. एकदा डब्ल्यूएव्ही फाइल हातात असली की तिला आज एका विंडोनं (तुकडा कापायच्या पद्धतीनं) बघा, सहा महिन्यांनी गाईडनं शंका काढली की दुसऱ्या विंडोनं बघा. म्हणून २४ बिटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, पंधरा-वीस हजारात मिळतो, १०० डीबीच्या आसपास रेंज आरामात देतो. त्याच्या जोडीला कॅलिब्रेशन फाइल (माइक कुठं किती चुकतो ते सांगणारी) येणारा मेजरमेंट माइक. त्याला ४८ व्होल्ट फँटम (माइकला लागणारा वीजपुरवठा) लागतो, तो इंटरफेसवरच असतोय. सॉफ्टवेअर फुकट: सोनिक व्हिज्युअलायझर, प्रात, आरईडब्ल्यू. पायथन येत असंल तर मग काय, रान मोकळं.

खरी गोम एफएफटी किती पॉइंटचा, म्हणजे एका तुकड्यात किती सॅम्पल, घ्यायचा ह्यात हाय. सेकंदाला ४८,००० सॅम्पल असताना ४०९६ पॉइंट घेतले तर फ्रिक्वेन्सीचा एक खण ११.७ हर्ट्झचा आणि तुकडा ८५ मिलिसेकंदांचा. वेळ छान दिसतो, जवारीत एकेक हार्मोनिक कसा फुलत जातो ते डोळ्यांनी बघता येतं. पण पंचम १०४ ला आणि लाइटीचा हम (विजेची गुणगुण) १०० ला, दोघं एकाच ढिगाऱ्यात! तुम्ही पंचम म्हणून ट्यूबलाइट मोजून बसाल. ६५,५३६ पॉइंट घेतले तर खण ०.७३ हर्ट्झचा, हम वेगळा पडतो, पण तुकडा जवळजवळ १.४ सेकंदांचा आणि त्या वेळात जे फुललं आणि विझलं त्याची सरासरी होऊन सगळं सपाट. ह्याच्यावर महागडं यंत्र घेतल्यानं इलाज नाही, तो हिशोबच तसा हाय, एसआर७८५ लाही तोच लागू. दोन्ही काढा आणि शेजारी ठेवा. जोडीच्या दोन तारांत तीन-दशांश हर्ट्झचा फरक असला की जी हळू लाट येते ती तर तीन सेकंदांच्या तुकड्यातपण नीट सुटणार नाही, तिच्यासाठी एकेक तार वेगळी वाजवा आणि बाकीच्या कापसानं दाबून ठेवा.

लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा, अर्धा हम तिथंच जातो. पंखा बंद. भिंतीवर जाजम, गोधड्या, जे असंल ते. आणि पावसाळ्यात मोजमाप नको, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच हाय, लाकूड-भोपळा ओल धरतो, आणि सूर तासाला हलला तर तुलना कशाची करणार.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये ह्याच विषयावर लिहिलंय. नेहमीच्या तारेत जिथं छेडलं तिथं ज्या हार्मोनिकचा नोड (न हलणारा बिंदू) पडतो तो उमटायला नको, तानपुऱ्यात मात्र तो चांगला ठणठणीत वाजतो, कारण घोडीचा माथा पसरट आणि वाकडा, तार त्याला घासून जाते. ही तपासणी तुमच्या पहिल्या चॅप्टरला ठेवा. बरोब्बर मध्यावर छेडा आणि दुसरा हार्मोनिक बघा, दोऱ्यासकट आणि दोऱ्याशिवाय. त्यांच्याकडं तर असलं काहीच यंत्र नव्हतं.

निपाणीचा_रेडिओवाला

सगळं बरोबर, पण पीएचडीच्या तोंडी परीक्षेत कुणी "तुमच्या माइकचं कॅलिब्रेशन कुठाय" विचारला तर? फाइल दाखवून भागत नाही.

मिरज_लाइन

हे मान्य काका. ९४ डीबी, १ किलोहर्ट्झचा अकॉस्टिक कॅलिब्रेटर घ्यायचा, एनएबीएल मान्यतेच्या लॅबचं सर्टिफिकेट घेऊन. रोज सुरुवातीला आणि शेवटी माइकवर बसवून दहा सेकंद रेकॉर्ड करायचं. नॉब फिरला असला तर तिथंच सापडतोय. बसवायच्या आधी माइकची जाडी कॅलिब्रेटरच्या भोकाला जुळते काय बघा, ह्यात लोक फसतात. इंटरफेस, माइक, कॅलिब्रेटर मिळून दीड लाखाच्या आत बसायला हरकत नाही. पण दोरा असतानाचा आणि नसतानाचा फरकच मोजायचा असंल तर डीबीच्या आकड्यापेक्षा छेडणं सारखं असणं जास्त महत्त्वाचं. बोटानं कधीच सारखं होत नाही, मी तीस वर्षं वाजवतोय, मला जमत नाही.

उद्यमबाग_टेस्टबेंच

त्याला जुनी युक्ती हाय. मोटर वायंडिंगची बारीक तांब्याची तार, ४२ गेजची, तिचा फास तानपुऱ्याच्या तारेला अडकवायचा आणि सावकाश ओढायचं. तांबं तुटतं तेव्हा तार सुटते, आणि तुटायचं बळ दरवेळी जवळपास तेच असतं. खर्च शून्य. ओढायची जागा आणि दिशा तेवढी पट्टी लावून पक्की ठेवा.

खानापूरकर_फिजिक्स

सगळ्यांचे उपकार. ते ९ किलोहर्ट्झचं आणि १३०व्या हार्मोनिकचं गणित गाईडना कागदावर दाखवलं, दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले "कोटेशन रद्द करा". आता इंटरफेस, माइक, कॅलिब्रेटर अशी तीन कोटेशनं मागवालोय. फक्त अकाउंटवाले म्हणतात रजिस्टरला 'स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर' मंजूर हाय, माइकचं बिल कसं लावू?

निपाणीचा_रेडिओवाला

एकच पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायला लावा, 'एफएफटी ऑडिओ अ‍ॅनालिसिस सिस्टीम, माइक व कॅलिब्रेटरसह'. खोटं पण नाही त्यात. आधी मंजूर झालेलं नाव बदलायला मात्र प्रिन्सिपलची सही लागंल, ती मार्चच्या पंधरा तारखेच्या आत घ्या, नंतर ते सापडत नाहीत.

खानापूरकर_फिजिक्स

😂 होय काका. आणि टेस्टबेंचवाले अण्णा, ती ४२ गेजची तार कुठं मिळंल? इथल्या दुकानात किलोवर रीळ देतात, मला हातभर पाहिजे.

उद्यमबाग_टेस्टबेंच

विकत नका घेऊ, आमच्याकडं संपत आलेली रिळं पडून असतात. शनिवारी दुपारी या, दोन वाजता सुट्टी होते. येताना तानपुरा पण आणा, मशीन बंद झाली की शेडमध्ये कसं वाजतंय बघू. बसनं येणार असला तर वर टपावर टाकू देऊ नका, शेजारी एक जादा तिकीट काढून बसवा.