खानदेशी भरीत नव्या ताटलीत आलं तर बिघडलं काय?

तापीकाठ
मत आधीच मांडतो. देशी-विदेशी मेळ घालणाऱ्या नव्या रेस्टॉरंटांनी आपल्या खानदेशी जेवणाला हात घालावा, आणि तो पुण्या-मुंबईत नव्हे, इथे जळगाव-धुळ्यात घालावा.

पुण्यात अशाच एका ठिकाणी कॉलेजच्या मित्रमैत्रिणींसोबत जेवायला गेलो होतो. सगळे यावल, अमळनेर, शिरपूरकडचे. कळण्याच्या (ज्वारी आणि काळ्या उडदाच्या) पिठाची छोटी कडक वाटी आली. तळाशी घट्ट दही, त्यावर भरीत, वर बारीक चिरलेली कांद्याची पात आणि तळलेले शेंगदाणे. तोंडात टाकल्यावर आधी कळण्याचा खमंगपणा, मग मिरची, मग दह्यानं ती थंड केली. त्यानंतर शेवभाजी. जाड शेव कोरडी मांडलेली, काळ्या मसाल्याचा रस्सा समोर किटलीतून ओतला. ढाब्यावर शेवेचा लगदा होतो, इथे शेवटच्या घासापर्यंत ती दाताखाली लागत होती. गोडाला आमरसाचं आइस्क्रीम आणि मांड्याचा, म्हणजे आपल्या खापरावरच्या पुरणपोळीचा, कुरकुरीत पापुद्रा. आम्ही तास-दीड तास फक्त जेवणावर बोललो. कुणाच्या आजीच्या मसाल्यात खोबरं जास्त, कुणाकडे तीळ, यावर वाद झाला.

आणि आपल्याकडे? लग्नात पनीर, मंचुरियन, आता पास्त्याचा काउंटर. बाहेरचा पाहुणा आला की त्याला पंजाबी हॉटेलात नेतो. दिल्लीत इंडियन अ‍ॅक्सेंट 2009 मध्ये सुरू झालं, मुंबईत बॉम्बे कँटीन 2015 मध्ये. देशी पदार्थ नव्या मांडणीत देऊन त्यांनी नाव कमावलं. आपल्या भरीताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय. मग आपण मागे का?

मूळची भालोदची
भाऊ, मागे कोण आहे? हिवाळ्यात जळगावात या, भरीत सेंटरवर किलोच्या हिशोबानं भरीत आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या मिळतात. रांगा लागतात.

भरीत ही वाटीत भरायची वस्तूच नाही. ती मोठी हिरवी वांगी तुरकाठ्यांच्या नाहीतर पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर भाजायची. साल काढून लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायची, मिक्सरला लावली की चिकट होतात. मिरची-लसूण त्यातच ठेचायचा. मग तेलात शेंगदाणे, कांद्याची पात, आणि वरून सढळ हातानं कोथिंबीर. हे शेतात, दहा-पंधरा माणसांत होतं. वाढणारी विचारत नाही, सरळ वाढते. तुमच्या त्या वाटीत दोन चमचे भरीत असेल. खानदेशी माणसाला दोन चमच्यांवर उठवणं हा पाहुणचार नव्हे. आणि भरीतात दही कशाला? आमच्याकडे ते भरीत धरत नाहीत.

दादर ज्वारी
ताई, भरीताचा मान मलाही आहे, पण ते पहिल्यापासून असंच होतं हे खरं नाही. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. ही दोन्ही काढून टाका आणि मग तुमच्या भरीतात काय उरतं ते बघा. आज नंदुरबारचा बाजार मिरचीसाठी ओळखला जातो, आणि ते पीक परदेशी आहे! आपल्या पणज्यांनी बाहेरची वस्तू घेतली, आपल्या चवीत बसवली. आताच्या आचाऱ्यानं दही घातलं की तो गुन्हा कसा?

मूळची भालोदची
त्यांनी घातलं ते पिढ्यांनी रोज खाऊन ठरवलं. इथे एका माणसानं मेनूकार्डासाठी ठरवलंय. दोन्ही एकच म्हणू नका.

किचनवाला धुळे
मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करतो, म्हणून थोडं कामाचं. कळण्यात ज्वारी आणि काळे उडीद, त्यामुळे गव्हासारखा चिवटपणा नाही. पातळ लाटलं की तडकतं. कडक वाटी हवी तर थोडी कणीक किंवा मैदा घालावाच लागतो, म्हणजे ती शुद्ध कळण्याची नसणार. दुसरं, भरीताला पाणी सुटतं. आधी भरून ठेवलं तर वाटी मऊ पडते, म्हणून ऑर्डर आल्यावरच भरतात. दही तळाशी त्याचसाठी घट्ट, टांगलेलं घेतात.

शहरातल्या किचनमध्ये तुरकाठ्यांचा जाळ करता येत नाही. वांगी गॅसवर किंवा ओव्हनमध्ये भाजून निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार देतात. तापीकाठ दादा, तुम्हाला धुराचा वास आला का, आणि कसा? तुपाचा असेल तर तो धुंगार.

तापीकाठ
वास होता, आणि हो, तुपाचा होता. पण म्हणूनच मी म्हणतो की हे जळगावात व्हावं. इथे गावाबाहेर जागा आहे, तुरकाठ्या आहेत, वांगं सकाळी तोडलेलं मिळतं. पुण्यातल्या आचाऱ्याला जे जमत नाही ते इथल्याला जमेल. भरीत सेंटर मलाही प्रिय आहे, पण तिथून आपण पार्सल घेऊन निघतो. संध्याकाळी मैत्रिणी-मित्रांसोबत निवांत बसून आपलंच जेवण खावं अशी जागा कुठे आहे?

आखाजी
बठ्ठं चांगलं शे भाऊ, पण मांड्याचा कुरकुरीत पापुद्रा हे काही मला पटत नाही. मांडा पुरण भरून हातावर फिरवत मोठा करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. तो मऊ, घडी होणारा हवा. गावागावांतल्या ज्या बायका हे करतात त्यांचे हात त्यात तयार झालेत. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरसात बुडवून खाल्लेला मांडा ज्याला ठाऊक आहे त्याला तो पापुद्रा म्हणजे पापड वाटेल. भरीतावर प्रयोग करा, मांड्याला सोडा.

सातपुडा पायथा
मी धडगावकडचा. तुमच्या सगळ्यांच्या बोलण्यात खानदेश म्हणजे भरीत, शेवभाजी, मांडा. आमच्याकडच्या आदिवासी बायका उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात. तो व्यापाऱ्याला मिळेल त्या भावानं जातो. आता अशा रेस्टॉरंटांच्या मेनूत ‘सातपुड्याचा आमचूर’ छापलेला दिसतो आणि ताटलीला चारशे-साडेचारशे रुपये लावतात. कैरी कुणी वाळवली त्याचा उल्लेख नाही, तिच्या भावात वाढ नाही. ताटली नवी की जुनी हा माझ्या दृष्टीनं दुय्यम प्रश्न आहे. माल कुणाकडून, काय भावानं घेतला हे विचारा.

दादर ज्वारी
हे मान्य. पण साध्या हॉटेलालाही हाच प्रश्न विचारायला हवा, नाही का? ते तर आमचूर कुठला हे सांगतही नाहीत.

सातपुडा पायथा
विचाराच. मात्र जो गावाचं नाव लावून जास्त पैसे घेतो त्याला आधी विचारणार.

तापीकाठ
हा मुद्दा मीच आधी मांडायला हवा होता, कुणीच मांडला नव्हता. जळगावात असं कुणी सुरू करत असेल तर आमचूर थेट धडगावच्या बचत गटाकडून घ्यावा, मांडे करायला गावातल्याच बायकांना पगारावर बोलवावं. आखाजीताई, मग मांडा मऊच येईल.

मूळची भालोदची
आणि भरीत परत वाढायचं, वेगळे पैसे न लावता. एवढं असेल तर मी घरच्यांना घेऊन येते. दही मात्र बाजूला द्या.