रोहितचा ‘उलटा’ गुडघा
‘रोहित पक्षी (फ्लेमिंगो) गुलाबी का?’ याला ‘कोळंबी खाऊन’ असं उत्तर बऱ्याचदा मिळतं. अर्धंच बरोबर. ठाणे खाडीत जास्त दिसणारे छोटे रोहित मुख्यतः सूक्ष्म शैवालावर जगतात. त्यातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा रंग पिसांत उतरतो. पिल्लं राखाडीच असतात.

आता माझा प्रश्न: त्यांचा गुडघा मागे कसा वाकतो? भरतीला खाडीचा चिखल बुडाला की थवे नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत येतात, तेव्हा नीट बघा. पायाच्या मधोमध दिसणारा फुगीर सांधा गुडघा नाहीच, घोटा आहे! खरा गुडघा वर, पोटाजवळ पिसांत दडलेला, आणि तो आपल्यासारखाच वाकतो. म्हणजे पठ्ठ्या जन्मभर चवड्यांवर उभा (तेही बऱ्याचदा एकाच, लोकलवाल्यांना नवल नाही).